कास पठारावरील कोळ्यांचीही नोंद व्हावी

संपादक महोदय,

कास पठारावरील फुलांविषयी आपल्या दैनिकात दर हंगामात सविस्तर वृत्ते येतात. त्याच गवतात जाळी विणणाऱ्या कोळ्यांविषयी मात्र फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र.

अशी नोंद का महत्त्वाची, हे एका दूरच्या उदाहरणावरून कळते. प्रशांत महासागरातील हवाई बेटे जवळच्या खंडापासून सुमारे 3,700 किलोमीटर दूर आहेत. तेथे ‘ऑर्सनवेल्स’ ही कोळ्यांची प्रजाती (जवळच्या नात्याच्या जातींचा गट) आढळते; जगात अन्यत्र ती कोठेही नाही. कोळ्यांचे अभ्यासक गुस्तावो होर्मिगा यांनी 2002 मध्ये तिचे वर्णन केले आणि चित्रपट दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांचे नाव तिला दिले. तिच्या 13 जातींपैकी प्रत्येक जात एकाच बेटापुरती मर्यादित असून, त्यांतील 6 जाती एकट्या कवाई या जुन्या बेटावर आहेत. ज्या कुळातील बहुतेक कोळी जेमतेम काही मिलिमीटरचे असतात, त्याच कुळातील हे कोळी एक सेंटीमीटरहून मोठे होतात, ही मला त्यांतील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. कोळ्याची पिल्ले उंच जागी चढून रेशमी धागे सोडतात आणि वाऱ्याबरोबर दूरवर जातात. 1832 मध्ये अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून सुमारे 60 मैलांवर असलेल्या ‘बीगल’ जहाजावर असे असंख्य कोळी उतरल्याचे डार्विनने नोंदवले आहे. अशा दूरच्या बेटावर पोहोचलेल्या मोजक्या जीवांपासून पुढे नव्या जाती घडत जातात. मात्र हवाईत मूळच्या मुंग्या नव्हत्या. माणसाबरोबर आलेल्या मुंग्यांनी तेथील अनेक स्थानिक कीटक व कोळी संकटात आणले आहेत. एकाच बेटावरची जात तेथून गेली, की ती जगातूनच गेली.

आपली कास, चाळकेवाडी ही पठारे समुद्राने नव्हे, तर दऱ्यांनी तुटलेली आहेत. येथे प्रत्येक पठारावर वेगळी जात असेलच, असा माझा दावा नाही, कारण वारा दऱ्या सहज ओलांडतो. परंतु पाहिल्याशिवाय ते कळणार कसे? ठाणे-कल्याणसारख्या गजबजलेल्या भागात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या नव्या जातीला 2021 मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव देण्यात आले, हे येथे लक्षात घ्यावे.

सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी वन विभागाच्या परवानगीने कास, चाळकेवाडी आणि चांदोली परिसरात पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत कोळ्यांची पद्धतशीर नोंद करावी, तिची यादी मराठीतून प्रसिद्ध करावी आणि पठारावरील माहितीफलकांवर फुलांशेजारी कोळ्यांनाही जागा मिळावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सातारा