माजघर रंगवायच्या आधी

प्रिय मंग्या,

कसो आसस? फोनवर तू म्हणालास की गणपतीच्या आठ दिवस आधी येतो आणि माजघर स्वतःच रंगवतो, तेव्हा रेंज जात होती म्हणून मी नुसतं हो हो केलं, पण डोक्यात तेच राहिलं आणि काल संध्याकाळी तुमच्या घरी जाऊन बघूनच आलो. काकीने चहा दिला, पश्चिमेच्या भिंतीकडे बोट केलं आणि म्हणाली, "भिंतीक घाम इलो." हात लावला तर तळवा ओला. खाली कोब्यापासून हातभर उंचीपर्यंत डिस्टेंपर फुगलाय, मागे पांढरा खार फुटलाय, आणि नखाने जरा टोकरलं तर गिलाव्याचा पापुद्रा निघून चिऱ्याची लाल भुकटी हातात.

तर आधी सरळ सांगतो, रागावू नको, त्या एका भिंतीला यंदा प्लास्टिक पेंट लावूच नको. जांभा दगड पाणी पितो हे तुला काय सांगायचं, पावसाची झोड त्याच बाजूने येते, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट लागते, ती तू रंगाने बंद केलीस तर ते रंगालाच ढकलून बाहेर येणार, विसर्जनापर्यंतसुद्धा थांबणार नाही. तिथला जुना डिस्टेंपर पूर्ण खरवडून काढ, खार कोरड्या ब्रशनेच झाड (पाणी मारलंस तर तो विरघळून परत आत जातो) आणि चुन्याचे दोन हात मार, चुन्यातून भिंतीची ओल सुटत राहते. पुट्टी आणि प्लास्टिक पेंटचं मे महिन्यात बघू, आधी बाहेरचा गिलावा करून घे.

बाकीच्या तीन भिंती मला बऱ्या वाटल्या, पण माझ्या हातावर विश्वास ठेवू नको. आल्या आल्या हातभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटव आणि दुसऱ्या दिवशी बघ. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल आतून येतेय, तुझ्याकडच्या बाजूला जमले तर नुसती हवा दमट आहे, पंखा लावून भागेल. मग तळवा फिरव, पांढरा झाला तर पुट्टी, प्रायमर काहीच धरणार नाही, घासून ओल्या फडक्याने पुसून घ्यायलाच पाहिजे. कपाटामागे काळी बुरशी आहे, तिला ब्लीच पाणी घालून लाव, खिडक्या उघड्या ठेव, आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड त्यात चुकूनही मिसळू नको, क्लोरीन वायू होतो.

दरवाजाचा जुना ऑइलपेंट मात्र सुका घासू नकोस. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, तो दरवाजा तुझ्या आजोबांच्या वेळचा, म्हणजे त्या रंगात शिसं असू शकतं आणि सुकं घासलं तर त्याची धूळ उडते. पॉलिश पेपर ओला करून घास, पोरांना तेव्हा मागच्या पडवीत धाड.

आता खरी डोकेदुखी, कौलं! खाली तू कितीही झाकलंस तरी वरून माती, कोळिष्टकं, उंदरांनी नेलेले भाताचे तूस असं काय काय नेमकं ओल्या रंगावर पडतं. म्हणून पहिल्या दिवशी फक्त वासे-रिपा झाड, आणि मग काकीच्या जुन्या साड्या वाशांना ताणून बांध, रंग वाळेपर्यंत सोडू नको. जमिनीवर पेपर नको, रंग त्यातून झिरपतो आणि कोब्यावर पाय सरकतो, सिमेंटच्या गोणी फाडून पसर आणि कडा टेपने दाब. मेन स्विच बंद करून बोर्डाची प्लेट ढिली कर, स्क्रू त्याच प्लेटला मागून चिकटव, म्हणजे शोधत बसायला नको. माटवीच्या (गणपतीच्या वर टांगतो त्या चौकटीच्या) हुकांनाही टेप गुंडाळ, नाहीतर ऐन वेळी रंगाने आटे बसलेले असतात आणि सगळे आपल्यावर ओरडतात.

गणपतीमागे तुला खाली गेरू आणि वर पिवळा असा पट्टा हवाय ना, त्याला रेघ सरळ यायची तर मास्किंग टेपची कड पुट्टीच्या पत्र्याने दाबून बसव आणि गेरूच्या आधी त्या कडेवर पिवळ्याचाच एक हलका हात फिरव. जी काय फट असेल ती पिवळ्याने भरते, गेरू आत शिरत नाही. पिवळा मात्र आधी नीट वाळू दे, या दिवसांत डब्यावर लिहिलेल्या चार तासांवर जाऊ नको. टेप काढताना रंग थोडा ओला असतानाच, तिरका ओढत, सावकाश. (हा टेप मुळात गाड्यांना दोन रंग मारायला काढलेला, 1925 साली अमेरिकेत. आपण गणपतीला वापरतो!)

शिडी आणि घोडा माझ्याकडचा ने. टेप तिकडूनच आण, एक इंची आणि दोन इंची दोन्ही, इथे दुकानात एकच रुंदी मिळते. चुना मी आजच भिजवायला सांगतो. आणि काकीला फोन करून कपाट रिकामं करायला तूच सांग, माझं ती ऐकत नाही.

तुझा,
सुध्या