मेल अडवा, पण अडवला हे सांगा

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीचा प्रवेश हातचा गेला. होकार मेलने कळवायचा होता, तो तिने मुदतीच्या आदल्या दुपारीच कळवला. मेल परत आला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त. मग तिकडून निरोप आला, 'तुमच्याकडून काहीच आलं नाही, जागा दुसऱ्याला दिली.'

मी शोधायला बसलो. आमच्या मेलसेवेच्या नोंदीत समोरच्या सर्व्हरचं उत्तर सापडलं: २५०. म्हणजे मेल घेतला, आता जबाबदारी त्यांची. मेलची देवाणघेवाण ज्या नियमांवर चालते, ते २००८ चं आरएफसी ५३२१ हेच सांगतं. नको असेल तर दारातच ५५० म्हणून नाकारा. एकदा घेतलात की पोहोचवा, नाहीतर पोहोचला नाही हे पाठवणाऱ्याला कळवा. इथे घेतला आणि गिळला. आमचा आयपी पत्ता (मेल ज्या इंटरनेट-पत्त्यावरून निघतो तो) इतरांसोबत सामायिक आहे. त्यावरून दुसऱ्या कुणीतरी स्पॅम पाठवला होता, म्हणून तो पत्ता काळ्या यादीत होता. शिक्षा माझ्या मुलीला.

मेल अडवणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पोच २४ तासांत आली, आणि नंतर एक वाक्य: 'स्पॅम अडवणं हा आमचा अधिकार आहे.' आहेच, कोण नाही म्हणतं? जगातले जवळजवळ निम्मे मेल स्पॅम असतात, ते गाळायलाच हवेत. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याचं कलम २३० सद्भावनेने गाळणाऱ्याला संरक्षण देतं. पण जर्मनीत कार्ल्सरूहच्या उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं की दुसऱ्याचा मेल परस्पर दाबून टाकणं फौजदारी गुन्हा ठरू शकतं. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ कंपन्यांना संरक्षण देताना योग्य काळजी घ्यायची अट घालतं. त्या अटीत 'अडवलात तर कळवा' ही एक ओळ का नाही?

आणि साहेब, २००० च्या तुमच्या याच कायद्याचं कलम १३ म्हणतं की वेगळं काही ठरलं नसेल, तर नेमून दिलेल्या संगणकात मेल शिरला की तो मिळाला. मग मुलीचा होकार मिळालाच होता ना? हे मी कुठल्या खिडकीवर सांगू? फोन आणि एसएमएसच्या त्रासासाठी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१८ चे नियम आहेत, मेलच्या स्पॅमसाठी वेगळा कायदा आजही नाही. 'त्रासदायक' मेलवर बोट ठेवणारं याच कायद्यात कलम ६६अ होतं. त्याखाली मतं मांडणारी माणसं अटकेत गेली, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाला ते रद्द करावं लागलं. सरकारची नोटीस मेलने निघाली की ती आम्हाला मिळाली असं तुम्ही धरता. आमचा मेल निघाला की तो पोहोचल्याचा पुरावा आम्हीच द्यायचा. हा कुठला न्याय?

घेतलेला मेल न कळवता टाकून द्यायला बंदी घाला. चुकून अडवलेल्याला दाद मागायला माणूस द्या, ठरलेल्या दिवसांत उत्तर देणारा.

मुलगी अजून रोज सकाळी आपला स्पॅमचा फोल्डर उघडून बघते, तिकडून काही आलंय का म्हणून.

आपला,
एक पालक