चूक आणि खोटेपणा यांतला फरक अर्जदाराला कोण सांगणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्नानंतर परदेशात स्थायिक असलेल्या जोडीदाराकडे कायमचे राहायला जाण्यासाठी जो व्हिसा काढावा लागतो, त्याच्या कागदपत्रांतील बारीकसारीक तपशील अर्जदारांच्या जिवाला किती घोर लावतात, आणि त्या भीतीपोटी सरळ माणसे कशी भलत्याच वाटेला लागू शकतात, याविषयी मी हे पत्र लिहीत आहे. मी स्वतः या प्रक्रियेतून गेले आहे. फॉर्ममधील एका तारखेच्या काळजीत मी आणि माझ्या पतींनी काढलेले महिने अजून विसरता येत नाहीत. आज त्याच अवस्थेत असलेल्या कुणाला तरी आमच्या अनुभवाचा उपयोग व्हावा, ही माझी इच्छा आहे.

आमचा विवाह ५ ऑगस्टला झाला. पती अमेरिकेचे नागरिक असल्यामुळे पहिला अर्ज, म्हणजे आय-१३० ही याचिका, त्यांनी दाखल केली. अमेरिकी फॉर्मवर आधी महिना, मग दिवस आणि शेवटी वर्ष लिहायचे असते. बाकी सगळ्या तारखा आम्ही त्या क्रमाने लिहिल्या. विवाहाची तारीख मात्र हाताच्या सवयीने दिवस आधी घालून लिहिली गेली आणि ५ ऑगस्टचा कागदावर ८ मे झाला. याचिका पोचल्याची पावती आल्यानंतर आपल्याजवळची प्रत चाळताना ही गोष्ट लक्षात आली. जोडलेल्या विवाह प्रमाणपत्रावर तारीख बरोबर होती. परंतु लग्नापूर्वी पती मला भेटायला आले होते, त्या प्रवासाची जून महिन्यातील तिकिटेही आम्ही पुरावा म्हणून लावली होती. फॉर्म खरा मानला, तर ती भेट लग्नानंतरची ठरत होती आणि आमचे लेखी निवेदन खोटे दिसत होते. दोन आकड्यांच्या अदलाबदलीने आमचे लग्नच संशयाच्या भोवऱ्यात सापडणार, या विचाराने माझी झोप उडाली.

घाबरून आम्ही एका व्हिसा सल्लागाराकडे गेलो. त्याचे नाव मी येथे घेत नाही. त्याचे म्हणणे असे, की चूक आपणहून कळवली तर अधिकाऱ्यांचे लक्ष उगाच तिकडे वेधले जाईल, म्हणून गप्प बसावे. आणि मुलाखतीत प्रश्न निघालाच, तर फॉर्मवरच्या तारखेशी जुळणारे विवाह प्रमाणपत्र ‘करून घेता येईल’. हे वाक्य त्याने अगदी सहज उच्चारले. मी प्रामाणिकपणे सांगते, त्या क्षणी मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. आपली चूक झाकली जात आहे, एवढेच मला ऐकू आले. माझ्या पतींनी मात्र तिथेच नकार दिला. आम्ही पावती क्रमांक, चुकलेली नोंद, खरी तारीख आणि चूक कशी झाली याचा तीन ओळींत खुलासा असे एक पानी पत्र लिहिले, त्यावर त्यांनी सही केली, प्रमाणपत्राची प्रत जोडली आणि ते अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे पाठवून दिले. पुढे मुलाखतीच्या वेळी अधिकारी बाईंनी तारखेबद्दल एकच प्रश्न विचारला, पत्राची प्रत पाहिली, आपल्याकडील नोंद दुरुस्त केली आणि त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या.

आमचे नशीब चांगले होते म्हणून हे झाले, असे मला वाटत नाही. अमेरिकेच्या स्थलांतर व राष्ट्रीयत्व कायद्याचे कलम २१२(ए)(६)(सी) खोटी माहिती देणाऱ्यावर जवळजवळ आजन्म प्रवेशबंदी घालते, हे खरे आहे, आणि या कलमाच्या धसक्यानेच अर्जदार कासावीस होतात. परंतु त्या कलमात दोन अटी आहेत. माहिती जाणूनबुजून खोटी दिलेली असावी लागते, आणि ती गोष्ट निर्णयावर परिणाम करण्याइतकी महत्त्वाची असावी लागते. घाईत उलटसुलट लिहिलेली तारीख यातल्या पहिल्याच अटीत बसत नाही. चुकलेल्या तारखेशी जुळवण्यासाठी तयार केलेले बनावट प्रमाणपत्र मात्र दोन्ही अटींत पुरेपूर बसते. म्हणजे त्या सल्लागाराने आम्हाला सुरक्षित जागेवरून उचलून थेट त्या कलमाच्या तोंडी देण्याची तयारी चालवली होती, आणि त्यासाठी तो आमच्याकडून शुल्कही घेणार होता.

अर्जदारांची काळजी निराधार आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. अशा व्हिसांच्या अर्जांत लग्न खरे आहे की केवळ कागदोपत्री आहे, याचा शोध घेतला जातो, आणि तो घेण्याचे मुख्य साधन कागदांची परस्परांशी तुलना हेच असते. अमेरिकेने १९८६ मध्ये बनावट विवाहांविरुद्ध कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हापासून लग्नाला दोन वर्षे पूर्ण होण्याआधी तेथे दाखल होणाऱ्या जोडीदाराला आधी दोन वर्षांचाच सशर्त निवास मिळतो आणि ती मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत पुन्हा पुरावे घेऊन अर्ज करावा लागतो. याचिकेच्या जोडपत्रात जोडीदाराचे गेल्या पाच वर्षांतील पत्ते आणि नोकऱ्या विचारतात. पुढे डीएस-२६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्ममध्ये वयाच्या १६व्या वर्षापासून आजपर्यंत राहिलेल्या सगळ्या जागा लिहायला लावतात. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी खोल्या बदलत हिंडलेल्या माणसाला कोणती खोली कोणत्या महिन्यात सोडली, हे कसे आठवावे? मी जुने भाडेकरार, जुने ईमेल आणि मैत्रिणींची स्मरणशक्ती यांच्या आधारे ती यादी केली. दोन ठिकाणी महिना नक्की आठवेना, तेव्हा जवळचा महिना लिहून तो अंदाजे असल्याचे सोबतच्या टिपणात स्पष्ट केले. त्यावर कुणीही हरकत घेतली नाही.

काही भीती तर खुद्द सरकारी कार्यालयांनीच पेरलेल्या आहेत. २०१९ च्या अखेरीपासून डिसेंबर २०२० पर्यंत अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने आश्रय मागणाऱ्यांचे आणि गुन्ह्यांना बळी पडलेल्यांसाठी असलेल्या यू व्हिसाचे अर्ज एखादी चौकट रिकामी राहिली एवढ्यावरूनही परत पाठवले. ज्याला मधले नाव नाही त्याने ती चौकट रिकामी सोडली, तरी अर्ज परत येत असे. हे धोरण विवाहावर आधारलेल्या याचिकांना लागू नव्हते आणि ते मागेही घेतले गेले, पण ‘एकही चौकट मोकळी सोडू नका’ हा धसका सगळ्याच अर्जदारांत पसरला. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावणाऱ्याचे किमान वार्षिक उत्पन्न ११ एप्रिल २०२४ पासून १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर गेले आहे, आणि पगाराची पत्रके व बँकेचे उतारे यांतील शेवटची नोंद अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. हा हिशेब चुकला तर खरेच नुकसान होते. तरीही त्याच नियमावलीत असेही म्हटले आहे, की उताऱ्यांच्या मालिकेतले एखादे पान राहून गेले असेल, तर अधिकारी ते मागवून घेऊ शकतो. एवढ्या कडक नियमांतही माणसाच्या चुकीला जागा ठेवलेली आहे; ती अर्जदाराला दिसेल अशा ठिकाणी लिहिलेली नाही, ही माझी तक्रार आहे.

नावांचा प्रश्न याहून चिवट आहे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, आणि त्यात नावासाठी ३९ जागा असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकानुसार तेथे फक्त रोमन लिपीतील मोठी अक्षरे चालतात. ज्यांचे नाव मूळ दुसऱ्या लिपीत लिहिले जाते, त्यांच्या एकाच नावाची शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरी आणि विवाह प्रमाणपत्रावर तिसरी अशी वर्णरचना होणे अगदी साहजिक आहे. लग्नानंतर आडनाव बदलले असेल, तर आणखी एक भर पडते. माझ्या बाबतीत तीन कागदांवर तीन रूपे होती आणि त्यांतले कोणते ‘खरे’, या विचारात मी आठवडे घालवले. वास्तविक फॉर्ममध्ये पूर्वी वापरलेली अन्य नावे लिहिण्यासाठी वेगळी चौकट असते, ती याचसाठी. पासपोर्टवरचे नाव मुख्य धरावे आणि बाकी प्रत्येक रूप त्या चौकटीत जसेच्या तसे उतरवावे. भाषांतरकारालाही पासपोर्टची प्रत आधीच द्यावी, नाहीतर तो चौथे रूप जन्माला घालतो. आय-१३० सोबतच्या इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, त्यात शिक्के आणि समासातील शेरेही यावे लागतात, आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे लागते. त्यासाठी नोटरीची गरज नसते. आम्ही ती करून घेतली, कारण करावी लागत नाही हे आम्हाला कुणी सांगितले नाही.

या सगळ्यात मला सर्वांत वाईट याचे वाटते, की डोळ्यांत तेल घालून बघायच्या गोष्टी वेगळ्याच असतात आणि काळजी भलत्याच गोष्टींत खर्च होते. व्हिसासाठीचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, दोन इंच लांबी-रुंदीचा, सहा महिन्यांच्या आतला आणि चष्म्याविना असावा, एवढे पाळले की तो विषय संपतो. मी मात्र तीनदा फोटो काढून घेतले. त्याच दिवसांत पतींच्या आर्थिक हमीच्या फॉर्मवर, म्हणजे आय-८६४ वर, एका पानावरची सही राहिली होती आणि ती आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आली नाही. त्या फॉर्ममध्ये प्रायोजकाचे, म्हणजे हमी देणाऱ्याचे, उत्पन्न कुटुंबाच्या आकारमानानुसार ठरलेल्या दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असल्याचे दाखवावे लागते आणि ते पुरेसे नसेल तर सहप्रायोजक शोधावा लागतो. राहिलेली सही, अपुरे उत्पन्न, मुदत टळलेली वैद्यकीय तपासणी आणि न मिळालेला पोलिसांचा दाखला यांनी प्रकरण खरोखर अडते. तरीही ते अडते, बंद होत नाही. याचिकेच्या टप्प्यावर खाते जादा पुरावा मागते तेव्हा उत्तरासाठी ८४ दिवसांपर्यंत मुदत मिळते. मुलाखतीनंतर त्याच स्थलांतर कायद्याच्या कलम २२१(जी) खाली कागद कमी असल्याचे कळवले, तर ते देण्यासाठी एक वर्ष असते. त्या पत्रावर ‘नकार’ हा शब्द असतो आणि तो वाचून पायाखालची जमीन सरकते. पण ते वर्ष वाया जाऊ दिले, तरच सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

म्हणून माझी पहिली मागणी व्हिसा देणाऱ्या यंत्रणांकडे आहे. अर्ज भरून झाल्यावर चूक आढळली तर ती कुठे, कशी आणि केव्हापर्यंत कळवायची, हे फॉर्मच्या पहिल्याच पानावर साध्या भाषेत लिहावे. खोटी माहिती दिल्यास होणाऱ्या शिक्षेचा इशारा ठळक अक्षरांत छापता येतो, तर चूक दुरुस्त करण्याची रीत त्याच्या शेजारी छापता यायलाच हवी.

दुसरी विनंती आपल्या वृत्तपत्राला आहे. व्हिसा मिळवून देण्याची हमी देणाऱ्या सल्लागारांच्या जाहिराती वृत्तपत्रांतून नेहमी येतात. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याबाबत सल्ला देण्याचा अधिकार वकिलांना आणि तेथील न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधींनाच आहे. कॅनडात सल्लागारांना २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या नियामक संस्थेचा परवाना लागतो आणि ब्रिटनमध्ये त्यांची नोंदणी इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे असावी लागते. या नोंदण्या कुणालाही इंटरनेटवर तपासता येतात. आपण अशा जाहिराती स्वीकारताना सल्लागाराचा नोंदणी क्रमांक मागावा, पडताळावा आणि तो जाहिरातीतच छापण्याची अट घालावी. आम्ही ज्याच्याकडे गेलो होतो, त्याचा पत्ता आम्हाला एका वृत्तपत्रातील जाहिरातीवरूनच मिळाला होता आणि त्या जाहिरातीत असा कोणताही क्रमांक नव्हता.

आपली नम्र,
एक वाचक