गोळ्या फेकून देण्याची हिंमत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत चिंतेच्या आजारावर लेख होता. श्वासाचे व्यायाम, चालणं, झोपेची वेळ पाळणं, सगळं नीट लिहिलं होतं. त्यातलं बरंचसं मी स्वतः करतो. शेवटी मात्र या गोळ्या म्हणजे जन्माची गुलामी, हिंमत करून त्या फेकून द्याव्यात, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. ती हिंमत मी एकदा करून बसलो आहे, म्हणून हे पत्र.

मी ५२ वर्षांचा. कऱ्हाडात एका पतसंस्थेत २७ वर्षं कॅशिअर आहे. जुलै २०२१ मध्ये, कोयनेला पूर आला होता त्या आठवड्यात, काउंटरवर अजिबात गर्दी नव्हती. लाइट गेल्यामुळे नोटा मोजायचं मशीन बंद. एका मावशींना वीस हजार द्यायचे होते, म्हणजे पाचशेच्या चाळीस नोटा. तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. चौथ्यांदा मोजायला घेतल्या तर छातीत इतकी धडधड सुरू झाली की बोटांना मुंग्या आल्या आणि स्पंजची डबी हातून पडली. मावशीच म्हणाल्या, ‘भाऊ, बसा जरा, मला घाई न्हाई.’ मला वाटलं, आता आपण इथेच संपलो.

ईसीजी नॉर्मल आला. पुढच्या चार महिन्यांत आणखी दोन ईसीजी आणि एक टूडी इको झाली. हृदय इतकं ठणठणीत निघालं की शेवटी मला त्याचाच राग यायला लागला. तोवर रात्रीचं नवीन लचांड मागे लागलं होतं. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक माझ्याकडे असते, एक मॅनेजरसाहेबांकडे. माझी किल्ली विसरून तिजोरीलाच राहिली तरी एकट्या किल्लीने ती उघडत नाही. हे मला पाठ आहे, नव्या पोरांना मीच शिकवतो. तरीही रात्री दहा-अकराला गाडी काढून शाखेचं शटर हलवून बघायला जायचो. वॉचमन आधी सलाम करायचा, नंतर नंतर नुसता बघायला लागला.

मनोविकारतज्ज्ञांकडे आमच्या घरच्या डॉक्टरांनी पाठवलं. तिथून रात्री घ्यायची एकच छोटी गोळी मिळाली. चिठ्ठी दोन मिनिटांत झाली. पहिले दहा-बारा दिवस काय होईल हे कुणी सांगितलं नाही, आणि नेमके तेच दिवस वाईट असतात. मळमळ इतकी की चहाचा वास सोसेना. जांभया तर विचारू नका. काउंटरवर माणूस समोर उभा आणि मी जबडा फाकून जांभई देतोय. एका ठेवीदाराने तोंडावर विचारलं, ‘रात्री ड्युटी करता काय कुठं?’ घाम यायचा, उशी भिजायची. सकाळी डोकं जड, म्हणून कोल्हापूर नाक्यावरून गाडी चालवायची भीती वाटायची, तर दहा दिवस मेहुण्याच्या गाडीवर मागे बसून गेलो. या औषधाचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि त्रास मात्र पहिल्या दिवसापासून असतो. एवढं एक वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर तिसऱ्या दिवशी मी ‘हे आपल्याला मानवत नाही’ म्हणून बोंब मारली नसती.

गुण कधी आला ते मला कळलंसुद्धा नाही. पाचव्या आठवड्यात रात्री जेवून ताक पीत बसलो होतो, तर बायको म्हणाली, ‘अहो, आज गाडी नाही काढली?’ तेव्हा लक्षात आलं, की त्या दिवशीच नव्हे, तीन-चार दिवस मी शाखेकडे फिरकलोच नव्हतो. तिजोरीची आठवणच झाली नव्हती.

इथवर सगळं छान. मग वर्षभरात वजन सात किलोंनी वाढलं, आणि नवरा-बायकोच्या नात्यातली एक गोष्ट जवळजवळ बंद पडली. हे वर्तमानपत्रात लिहायला मला जड जातंय, पण लिहितो, कारण माझ्या अंदाजाने माझ्यासारखे निम्मे पुरुष गोळी याच कारणाने चोरून सोडतात आणि घरात ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सांगतात. मीही तेच केलं. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली. त्यात कुणीतरी मोबाइलवर ‘मेंदू सुन्न करणाऱ्या गोळ्या’ असं काहीतरी पाठवलं. २०२३च्या संक्रांतीला तिळगूळ खाल्ला आणि पट्टी कचऱ्यात टाकली.

दोन दिवस राजासारखा होतो. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात झटका बसायचा, सैल प्लगला हात लागल्यावर बसतो तसा, पण दुखत नाही. पायऱ्या उतरताना तोल जायचा. झोप गेली. चौथ्या रात्री घाम, थरथर, आणि २०२१ची धडधड दुपटीने परत. बायकोने पहाटे कचऱ्याची बादली उलटी करून पट्टी शोधली. सकाळी आम्ही दवाखान्यात.

डॉक्टरांनी पहिल्यांदा पट्टी हातात धरून समजावलं ते तेव्हा. माझ्या त्या ‘एका छोट्या गोळीत’ दोन औषधं होती. एक एसिटालोप्राम, हे चिंतेवरचं रोजचं औषध. त्याची दारू-तंबाखूसारखी तलफ लागत नाही, पण शरीर त्याला सरावतं, एकदम सोडलं तर डोक्यातले ते झटके देतं. दुसरं क्लोनाझेपाम. हे लगेच शांत करतं, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे ठीक, पुढे मात्र त्याची खरोखरच सवय लागते आणि ते अचानक तोडलं तर फिटसुद्धा येऊ शकते. सुरुवातीच्या चार-सहा आठवड्यांसाठी दिलेली गोळी मी जुन्या चिठ्ठीवर वर्षभर घेत राहिलो होतो. डॉक्टरांकडे फेरतपासणीला गेलो नाही हा माझा दोष. पण औषध दुकानातल्या पोरानेही दर महिन्याला ‘काका, तीच ना?’ एवढंच विचारून पट्टी पुढे सरकवली. क्लोनाझेपाम १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. ते चॉकलेटसारखं हातावर ठेवायचं औषध नाही.

दोन औषधं एकाच गोळीत असली की एक कमी करून दुसरं चालू ठेवता येत नाही. म्हणून आधी ती वेगवेगळी करावी लागली. मग क्लोनाझेपाम उतरवलं. पाव मिलिग्रॅमच्या गोळीचे बायको पोळपाटावर ब्लेडने दोन तुकडे करायची आणि कुंकवाच्या रिकाम्या करंड्यात ठेवायची. ब्लेड सरकलं की भुगा व्हायचा, तो भुगा जिभेवर घ्यायचा. दर टप्प्याला आठ दिवस झोपेची वाट लागायची. संक्रांतीनंतर सुरू केलेलं हे काम पाऊस लागेपर्यंत चाललं. डॉक्टर म्हणाले, ‘सोडायची नसते, उतरवायची असते.’

एसिटालोप्राम मात्र चालू राहिलं, दहा मिलिग्रॅम. त्याचाही एक हिशेब सांगतो. मी क्रिकेटवेडा. पूर्वी शेवटची षटकं सोसायची नाहीत, बाहेर ओट्यावर जाऊन बसायचो आणि पोरांच्या ओरड्यावरून काय झालं ते ओळखायचो. २९ जून २०२४ला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला तेव्हा मी सोफ्यावर मांडी घालून शेंगा फोडत होतो. नाडी शांत. भारत सात धावांनी जिंकला, गल्लीत फटाके, शेजारचे आजोबा नाचतायत, मुलाने मला मिठी मारली. मला बरं वाटलं, पण हवामानाच्या बातमीत पाऊस चांगला पडणार म्हटल्यावर वाटतं, तेवढंच. धडधड गेली होती, तिच्याबरोबर मजाही गेली होती. हे मी यावेळी डॉक्टरांना पुढच्याच भेटीत सांगितलं, आणि दुसरी अडचणही. ते म्हणाले, हे दोन्ही या औषधाने होतं, नेहमी दिसतं, पहिल्याच वर्षी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, तुम्ही विचारायला हवं होतं. ते हसले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं.

सहा महिन्यांत दहाची पाचवर आली. आता मी पाच मिलिग्रॅमवर आहे. वजन तीन किलो उतरलं, चार राहिलंय. बाकीचं पूर्वीसारखं नाही, पण बंदही नाही. सकाळी प्रीतिसंगमावर चालतो, अनुलोम-विलोम करतो. डॉक्टरांनी शिकवलंय की छातीत धडधडलं तर काउंटर सोडून उठायचं नाही, जागेवरच बसून ती ओसरू द्यायची. याचा मला प्राणायामाहून जास्त उपयोग झाला. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी वाईट रात्र येते. त्या रात्री गाडीची किल्ली बायको उशीखाली ठेवते.

तेव्हा आपल्या लेखकांना एवढंच कळवा, की ‘या गोळ्या’ असं सरसकट लिहू नये. कोणती गोळी, किती दिवसांची, आणि कुणाच्या देखरेखीखाली कमी करायची, हे लिहावं. वाचकाला रात्री अपरात्री शंका आली आणि डॉक्टर नसले, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे, मराठीतून बोलता येतं. हा नंबर लेखाखाली चौकटीत सहज बसला असता.

पत्र छापलंत तर नाव छापू नये ही विनंती. मला स्वतःला लाज वाटत नाही, घरी, मित्रांत सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्याकडे बहुतेक ठेवीदार भाजीवाले, रिक्षावाले, निवृत्त शिक्षक आहेत. कॅशिअर डोक्याच्या गोळ्या खातो असं सकाळी पेपरात वाचलं, तर दुपारपर्यंत काउंटरवर मुदत ठेवी मोडायला रांग लागेल. आणि ती रांग मलाच उरकावी लागेल.

आपला,
एक कॅशिअर, कऱ्हाड