एसेस आले की रेझच कर

प्रिय मेघा,

तुझा गोव्याहून आलेला मेसेज वाचला, आणि हे फोनवर नीट सांगता येणार नाही म्हणून सरळ लिहायलाच बसले. तुझा प्रश्न एवढाच ना, की पोकरमधे एक्क्यांची जोडी (एसेस) हातात आली तर गुपचूप खेळायचं की आधीच रेझ मारायचा, म्हणजे पैसे वाढवायचे? माझं उत्तर रेझ, जवळजवळ दर वेळी रेझ.

तू लिहिलंयस, ब्लाइंड्स (पत्ते बघण्याआधीच दोघांनी टाकायचे पैसे) 50-100, तुझ्यासमोर दहा हजार, आधीच्या तिघांनी नुसते शंभर-शंभर टाकले आणि तूपण शंभरच टाकलेस, सगळे पळून जाऊ नयेत म्हणून. असं का वाटतं ते मला कळतं गं. ही जोडी सरासरी 221 हँड्समधे (डावांमधे) एकदा येते, लाइव्ह टेबलवर तासाला 25-30 हँड झाले तर साडेसात ते नऊ तासांत एकदा, आणि इतकी वाट बघून हाती नुसते ब्लाइंड्स आले तर जीव हळहळणारच. पण झालं काय, स्मॉल ब्लाइंड (50 वाला) गेला तरी बिग ब्लाइंडने (100 वाल्याने) फुकटात फ्लॉप, म्हणजे टेबलवर उघडलेले पहिले तीन पत्ते, बघितला, म्हणजे तुझ्यासमोर चार जण. फ्लॉपला बदाम आठ, बदाम सात, किलवर सहा, आणि त्या बिग ब्लाइंडकडे पंजा-चौका, म्हणजे चौक्यापासून अठ्ठ्यापर्यंत सलग पाच पत्ते! तू 700 केले असतेस तर तो पंजा-चौका बहुतेक तिथेच डीलरकडे सरकला असता. खरा निर्णय तिथे होता, रिव्हरवर, म्हणजे शेवटच्या पत्त्यावर, नाही.

एकासमोर एसेस साधारण 85 टक्के वेळा जिंकतात, कुठलेही पत्ते धरलेल्या चौघांसमोर 56 च्या आसपास. आता 56 पण वाईट नाही, पॉटचा (मधे जमलेल्या पैशांचा) पाचवा हिस्सा टाकून निम्म्याहून जास्त वेळा जिंकायचं, सगळे आधीच ऑल-इन असते, म्हणजे सगळे पैसे लावून बसले असते, तर मी आनंदाने घेतलं असतं. पण इथे अजून तीन राउंड बेटिंग बाकी असतं, आणि कुणीच रेझ केलेला नसल्यामुळे समोर काय असेल ह्याचा काही अंदाजच लागत नाही, वाट्टेल ते असू शकतं.

700 कुठून आले तर तुझा नेहमीचा 400 चा रेझ, वर प्रत्येक लिम्परमागे (नुसते शंभर टाकणाऱ्यामागे) शंभर. किंग्स (राजांची जोडी) असोत, एक्का-राजा असो, आकडा तोच ठेव, एसेसला एकदम 1500 केलेस की दोन तासांत अख्खं टेबल ओळखेल. एकाने कॉल केला (तेवढेच पैसे टाकले) तर पॉट 1750 आणि तुझ्याकडे 9300 उरतात, मग फ्लॉपवर निम्मा-दोन तृतीयांश पॉट बेट कर, छोट्या जोडीवाले पैसे देतात गं, तेच तर हवंय. आणि कुणी उलट 2100 केले तर नुसता कॉल नको, पाच हजार कर.

लिम्प कधी चालेल? तुझ्या मागे एखादा दर हँडला रेझ मारणारा बसला असेल तरच, म्हणजे तो मारणार आणि तू परत वाढवणार, हे जवळपास नक्की असेल तेव्हा.

आणि फ्लॉपनंतर सोडायची तयारी ठेव, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. तुझे एक्के इस्पिक आणि चौकट, बदामचा एकही नाही, बोर्डवर 8-7-6, आणि रात्रभर गप्प बसलेला माणूस तुझ्या बेटवर मोठा रेझ मारतो, तेव्हा तुझ्याकडे एक जोडी आहे, बस. टाक आणि पुढचा हँड घे.

किंग्सचंही हेच, फक्त फ्लॉपला एक्का पडायची शक्यता 23 टक्के असते म्हणून आधी पैसे आत घालणं आणखी महत्त्वाचं.

बिग ब्लाइंडने फ्लॉपवर किती मारले आणि टर्नला (चौथ्या पत्त्याला) अजून कोण होतं ते तू लिहिलंच नाहीयेस, ते आधी कळव, मग टर्नचा कॉल बरोबर होता का ते सांगते.

तुझी,
सुमी