पाच मिमीच्या पलीकडचं

प्रिय आदू,

काल फोनवर तू म्हणालास, आई, तुझ्या मेंदूतल्या धमनीवरचा फुगा, अ‍ॅन्युरिझम, पाच मिमीचा म्हणजे छोटाच आहे, सात मिमीच्या खाली सहसा फुटत नाही असं नेटवर दिलंय, मग उपचाराची घाई कशाला. तुझी काळजी कळते रे, पण डॉक्टरांनी सीटी अँजिओचं, म्हणजे धमन्यांच्या स्कॅनचं, थ्री-डी चित्र स्क्रीनवर फिरवून फिरवून दाखवलं ना, ते फोनवर सांगता येईना म्हणून लिहायला बसले.

मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, सर्कल ऑफ विलिस. १६६४ साली थॉमस विलिसच्या पुस्तकात त्याचं चित्र आलं, आणि त्या पुस्तकाची चित्रं काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होता बघ, तुमच्या आर्किटेक्चरवाल्यांचा, सेंट पॉल्स बांधणारा. चित्रात कडं कसं छान दोन्हीकडून सारखं, पण खऱ्या माणसांत ते पूर्ण असणारे अर्ध्याहून कमीच, कुणाची एक बाजू बारीक तर कुणाला एखादा जोडच नसतो. माझी उजवीकडची पुढची धमनी जन्मापासून बारीक, म्हणजे दोन्हीकडचं रक्त डावीकडूनच येतं, आणि दोन्ही धमन्यांना जोडणारा जो छोटासा तुकडा असतो, अँटीरियर कम्युनिकेटिंग म्हणतात त्याला, तिथं सगळा जोर पडतो. फुगा नेमका तिथंच आहे.

आजोबांच्या मळ्यात पाटाला जिथं फाटा फुटायचा तिथलं मधलं टोक दरवर्षी खचायचं, सरळ पाटाचा बांध मात्र वर्षानुवर्षं तसाच. इथंही रक्त फाट्याच्या टोकावर आदळतं, आतला लवचिक पडदा फाटतो, मधला स्नायूचा थर झिजतो, त्यात मेंदूच्या धमन्यांना बाहेरचा लवचिक थर नसतोच आणि भोवती टेकायला मांस नाही, नुसतं पाणी. मग भिंत फुगते. एकदा फुगा झाला की आत रक्त कोपऱ्यात मंद घुटमळतं, आणि त्यानंही भिंतीला सूज येऊन ती अजून कमकुवत होते असं मानतात.

आता तुझा सातचा आकडा. तो २००३ च्या अमेरिका-कॅनडा-युरोपच्या अभ्यासातून आला, पण फुटून दवाखान्यात येणाऱ्यांत सातच्या आतले भरपूर असतात. २०१२ ला जपानचा मोठा अभ्यास आला, ५७२० पेशंट, न फुटलेले फुगे आधी नोंदवून मग पुढं काय होतं ते बघितलेलं. ही पद्धत मला पटते, कारण फुटल्यावर मोजलं तर आकार फुटण्यामुळंच बदलला की काय ही शंका राहते. त्यात दिसलं की फुग्यावर अजून एक छोटा उंचवटा असेल, डॉटर सॅक म्हणतात, तर धोका दीडपटीहून जास्त, आणि माझ्या जागेवरचा फुगा मेंदूच्या बाजूच्या मधल्या धमनीवरच्या फुग्यापेक्षा साधारण दुप्पट धोक्याचा. जपानी लोकांत मुळात फुटायचं प्रमाण जास्त, त्यामुळं आकडे आपल्याला जसेच्या तसे लावायचे नाहीत हे मला कळतं, पण माझ्याकडं जागाही तीच आणि उंचवटाही आहे.

शिवाय फुग्याची उंची पाच मिमी आणि मान, म्हणजे फुगा धमनीला जोडलेला असतो तिथलं तोंड, दोनच मिमी रुंद. उंची भागिले मान हे प्रमाण १.६ च्या वर गेलं की डॉक्टर जास्त लक्ष देतात, माझं अडीच. पण तीच अरुंद मान उपचाराला सोयीची, प्लॅटिनमची तार आत गुंडाळली की बाहेर घसरत नाही. मांडीच्या किंवा मनगटाच्या धमनीतून जातात, कवटी उघडत नाहीत. त्यातही स्ट्रोकचा धोका आहेच, डॉक्टरांनी लपवलं नाही, आणि सगळं ऐकूनच मी हो म्हटलंय.

तुझं लगेच एमआरए, म्हणजे धमन्यांचा एमआरआय, करायची गरज नाही म्हणाले डॉक्टर, सख्ख्या नात्यात दोघांना असेल तर सहसा सुचवतात. पण सिगरेट सोड आदू, मी हात जोडते. धमन्यांची ठेवण आपण निवडत नाही, पण धूर आणि बीपी भिंत पोखरतात आणि ते दोन्ही तुझ्या हातात आहेत.

बाबांना सांगून ठेवलंय, कधी नव्हे असं एकदम डोकं फुटल्यासारखं दुखलं तर गोळी देत बसायचं नाही, सीटी आणि न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणीच न्यायचं. तूही लक्षात ठेव.

मेडिक्लेमची फाईल कपाटात वरच्या खणात आहे. अ‍ॅडमिटची तारीख पुढच्या आठवड्यात कळेल, तुझं सबमिशन सोडून येऊ नकोस, झाल्यावर ये. आणि मेडिकलमध्ये बीपी मोजून आकडा आजच पाठव.

तुझी आई