वनमंत्री महोदय, बी कुठल्या झाडाचं होतं?

मा. वनमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या माळावर निलगिरी लावली तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांनी शब्द दिला होता, तीन वर्षं निंदणीचे पैसे मिळतील. आता सांगतात, निधी संपला. आणि त्याच माळासाठी नवी रोपं पाठवत असल्याचं पत्रही आलंय.

मागची रोपं कुठं गेली, ते मी सांगते. गुडघ्यावर बसून एकेक खड्डा पाहिलाय मी. गवत छातीला लागतं. ते बाजूला सारलं की आत वीतभर रोप, पानं पिवळी, खोड काडीसारखं. एक उपटलं तर मुळं अजून पिशवीतल्यासारखीच गोल गुंडाळलेली, आणि त्या गुंडाळ्यात चारी बाजूंनी गवताच्या मुळ्या शिरलेल्या. हजारातली शंभर-सव्वाशे जगली असतील. त्यांना पाणी घालून माझे हात सोलले. उरलेली उन्हाळ्यात वणव्यात गेली, कारण जाळरेषा कुणी काढलीच नव्हती.

तुम्ही दोनदा मजूर पाठवलेत, विळे देऊन. विळ्यानं गवताचं पातं कापलं जातं, मूळ नाही. पाणी पितं ते मूळ. पंधरा दिवसांत गवत पुन्हा उभं. रोपाभोवती मीटरभर घेर कुदळीनं मुळासकट खणून काढावा लागतो, आणि फांद्या एकमेकींना भिडून खाली सावली पडेपर्यंत पुन्हा पुन्हा काढावा लागतो. हे माळावर झाडं लावणाऱ्या कुणालाही विचारा. विचारलंत?

आता बियाण्याचं. रोपवाटिकेत विचारलं, बी कुठलं? उत्तर मिळालं, "निलगिरीचं." अहो, कॅमल्डुलेन्सिस निलगिरी जवळजवळ अख्ख्या ऑस्ट्रेलियात उगवते. दक्षिणेकडची हिवाळी पावसावर वाढलेली, उत्तरेकडची लांब कोरड्या ऋतूला सरावलेली. उष्ण प्रदेशांतल्या चाचण्यांत ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यातल्या पेटफर्डचं बी कितीतरी ठिकाणी सरस ठरलं. जात एकच, पण गाव वेगळं की झाड वेगळं. मँजियम बाभळीचंही तेच. १९६६ साली मलेशियातल्या सबाहमध्ये ते मोजक्याच झाडांच्या बियांवर आणलं आणि पुढच्या पिढ्यांत वाढ खालावली. हे सगळं माहीत असूनही आमच्याकडे रस्त्याकडेच्या एकुलत्या एका झाडाखालचं बी गोळा होतं. आजूबाजूला दुसरं झाड नाही, म्हणजे ते बहुतेक स्वपरागणाचंच, त्याच झाडाच्या परागातून धरलेलं. त्यातून कमजोर रोपं निघणार, आणि वर ठपका मातीवर!

मला राग आहे तो या मोजणीचा. तुमच्या खात्यात खड्डा मोजतात, रोप मोजतात, लावणीचा दिवस मोजतात. तिसऱ्या वर्षी जिवंत झाड मोजायला कुणी येत नाही. लावणीला पैसा, फोटोला पैसा आणि खुरप्याला नाही. मग त्याच माळावर पुन्हा लावणी, पुन्हा तोच आकडा, पुन्हा अहवाल. तुमच्या आधीच्यांनी हेच केलं, तुम्हीही करताय. त्या अहवालात माझं एकही मेलेलं रोप नाही.

नव्या रोपांची गाडी आली की मी माळाच्या वाटेवर उभी असेन. बी कुठल्या रानातलं, किती झाडांवरून गोळा केलेलं, हे लिहिलेली चिठ्ठी आणि दोन वर्षांच्या खुरपणीच्या मंजुरीचा कागद दाखवा. नसेल तर रोपं उतरवू देणार नाही.

आपली,
माळावर रोपं जगवणारी एक बाई